बेल्जियम व्हाया शुक्रवार पेठ

वीकएंडला पुण्याला गेलं, की माझा एक ग्लास ठरलेला असतो : बेल्जियन व्हिट. ढगाळ पांढरट रंग, किंचित आंबूस चव आणि संत्र्याचा वास. २००९ मध्ये पुण्यात डूलॅली सुरू झालं आणि ताज्या एलचं वेड लागलं. २०१५ मध्ये बिरा ९१ व्हाइट आली, तेव्हा साधारण याच चवीची एल बाटलीत भेटली. पण सोमवारी सोलापुरात, शुक्रवार पेठेतल्या घरी परतलो, की डोक्यात एकच किडा वळवळायचा : ही आपणच घरी बनवली तर?

अमेरिकेत १९७८ मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांनी एका कायद्यावर सही केली आणि घरगुती बीअरला मोकळीक मिळाली. आपल्याकडे मात्र १९४९ चा दारूबंदी कायदा आडवा येतो. परवान्याशिवाय मद्य बनवायचं नाही. मग ते विकायला असो, की शनिवारी रात्री दोन दोस्तांना पाजायला. थोडक्यात बादली, यीस्ट, हॉप्स, सगळा प्लॅन कॅन्सल!

पण बॉस, मला नेमकं हवं काय होतं? किक की चव? चव. मग तिची फोड करून बघितली. व्हिट म्हणजे ‘पांढरी’. मोड न आणलेल्या गव्हामुळे ती ढगाळ दिसते. वास असतो तो धन्यांचा आणि संत्र्याच्या सालीचा. धने! म्हणजे निम्मं बेल्जियम तर आमच्या मिसळणाच्या डब्यातच होतं.

उरला आंबूसपणा. सोलापूर हा ज्वारीचा जिल्हा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकनही आहे. आफ्रिकेत याच ज्वारीला मोड आणून पिढ्यान्‌पिढ्या बीअर केली जाते. आपण आंबिलीवर थांबलो. मीही तिथंच थांबायचं ठरवलं.

फंडा सोपा आहे. रात्री दोन मोठे चमचे ज्वारीचं पीठ वाटीभर ताकात कालवून झाकून ठेवायचं. सोलापूरच्या मेमध्ये, पारा ४२ च्या पुढे असताना, सकाळपर्यंत ते मस्त आंबतं. मग चार वाट्या पाण्यात चमचाभर भरडलेले धने आणि चिमूटभर मीठ घालून उकळी आणायची. आंबलेलं पीठ हळूहळू ओतत, ढवळत, मंद आचेवर सात-आठ मिनिटं शिजवायचं. संत्र्याची साल शेवटच्या दोन मिनिटांत घालायची, तीही फक्त वरची केशरी. आतली पांढरी कडू लागते. गाळून फ्रीजमध्ये ठेवायचं. पिताना ग्लासात अर्धी आंबील, अर्धा गार सोडा. वर फेस येतो, खराखुरा!

‘‘हे काय खूळ काढलास रे?’’ आजी म्हणाली. तिच्या आंबिलीत लसूण, जिरं आणि मीठ. संत्र्याची साल ही तिच्या लेखी केराच्या डब्यातली वस्तू. पण ग्लास रिकामा केला आणि म्हणाली, ‘‘आंबलंय मात्र बेताचं.’’ हे आमच्या घरातलं फाइव्ह स्टार रेटिंग.

व्हिट झाली का? नाही. हॉप्सचा कडवटपणा नाही, यीस्टचा लवंगेसारखा वास नाही, किक तर नाहीच. पण डोळे मिटून पहिला घोट घेतला, तर दूरची बहीण नक्की भेटते.

या व्हिटचीही एक गोष्ट आहे. बेल्जियमच्या हूगार्डन गावातली शेवटची व्हिट ब्रुअरी १९५० च्या दशकात बंद पडली. काही वर्षं गावातून ती चवच गायब होती. मग १९६० च्या दशकात पिअर सेलिस या दूधवाल्यानं ती पुन्हा बनवायला घेतली. तरुणपणी त्यानं शेजारच्या ब्रुअरीत हातभार लावला होता, म्हणून त्याला ती जमली. बघितलेलं होतं, एवढंच त्याचं भांडवल.

माझ्या ओळखीत आंबील करणारे हात मोजकेच आहेत आणि सगळे सत्तरीच्या पुढचे. पीठ किती आंबलं हे आजी वासावरून ओळखते. घड्याळ बघत नाही. मला अजून ते जमत नाही. येत्या शनिवारी पीठ मी भिजवणार आहे. सकाळी झाकण उघडून पहिला वास मी घेणार, आणि बरोबर की चूक ते आजी सांगणार.