मिटिंगचा पत्ता

सौ. वहिनीस,

‘तशी मिटिंग आपल्याकडं कुठं भरते का?’ असं दादानं स्वतःहून विचारलं, हे तुम्ही फोनवर इतक्या हळू सांगितलंत की मला दोनदा विचारावं लागलं. वणीत देशीचं दुकान कुणाला विचारावं लागत नाही. नवखा ट्रकवालाही बरोबर पोचतो. दारू सोडलेल्यांच्या बैठकीला मात्र पाटी नसते.

पहिल्या बैठकीलाही नव्हती. मे 1935 मध्ये बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअर दलाल ओहायोतल्या अ‍ॅक्रन शहरात अडकला होता. धंद्यातला डाव फसलेला, दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले. हॉटेलात एकीकडे बारमधला गलका, दुसरीकडे टेलिफोन आणि चर्चची यादी. त्यानं फोन लावायला सुरुवात केली. मागणी अशी की ऐकणारा चक्रावेल: एखाद्या दारुड्याशी गाठ घालून द्या, त्याच्याशी बोलल्याशिवाय माझं काही खरं नाही! शेवटी एका बाईंनी डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी त्याची भेट घडवली. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले आणि सहा तासांनी उठले. एवढं होऊनही ते पुढं एका परिषदेला गेले ते पिऊनच परतले. त्यांचा शेवटचा घोट 10 जून 1935 चा. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे ‘एए’, तोच आपला स्थापना दिवस मानते.

अनॉनिमस म्हणजे निनावी. खरी अडचण इथंच आहे. तालुक्याच्या गावात माणूस नंतर, त्याची मोटरसायकल आधी ओळखली जाते. गुत्त्यासमोर ती उभी दिसली तर कुणी वळूनही पाहत नाही; मिटिंगच्या दाराशी दिसली तर संध्याकाळपर्यंत चर्चा. म्हणून तिथं आडनाव विचारत नाहीत, ऐकलेलं बाहेर नेत नाहीत. पण ज्या निनावीपणाच्या आधारानं माणूस आत पाऊल टाकतो, त्यामुळंच त्याला दार सापडत नाही.

आत काही फार नाट्य नसतं. एकेक जण आपलं नाव आणि आपण मद्यपी आहोत एवढं सांगून स्वतःची हकिकत मांडतो. बाकीचे मध्ये बोलत नाहीत. फी नाही. खर्चासाठी पिशवी फिरते, तीही ऐच्छिक. अट एकच, पिणं थांबवण्याची इच्छा. जन्मभराची शपथ कुणी घालत नाही, बोलणं आजच्या दिवसापुरतं. (दादानं आजवर घेतलेल्या शपथा आठवल्या तर हे बरंच म्हणायचं.) ‘हे भजनी मंडळ दिसतं’ असं तो म्हणेल. त्याला सांगा, 2020 मध्ये वैद्यकीय संशोधनांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या अभ्यासकांनी 27 संशोधनं, दहा हजारांवर माणसं तपासली. पूर्ण दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत एए आणि तिच्याशी जोडून देणारे उपचार इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले.

आपल्याकडं मात्र वाद कायम दुकानांचाच. वर्धा जिल्हा कित्येक वर्षं कोरडा. चंद्रपुरात 1 एप्रिल 2015 ला बंदी आली, 2021 मध्ये उठली. त्या काळात नदीपलीकडच्या चंद्रपूरची तहान वणीकडं कुठल्या रस्त्यानं यायची ते तुम्ही पाहिलंय. बंदी मागणाऱ्या बायकांचं चुकतं असं मी म्हणणार नाही, त्यांनी घरात सोसलंय. पण एप्रिल 2021 आठवा. लॉकडाउनमध्ये दुकानं बंद होती आणि आपल्याच वणीत सॅनिटायझर पिऊन किमान सात जण गेले. दुकानाला कुलूप लागलं, तलफेला कुठं लागतं?

म्हणून दादाला ‘आजपासून थेंब नाही’ असं करू देऊ नका. रोज पिणाऱ्यानं एकदम सोडली तर हात थरथरतात, दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढं भ्रम होतो. कधी जिवावर बेततं. आधी यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग गाठा. तेवढंही बहुतेकांना मिळत नाही: एम्सच्या 2019 च्या अहवालानुसार देशात व्यसनाच्या टोकाला पोचलेल्या 38 मद्यपींपैकी एकालाच काही उपचार मिळाला होता.

मिटिंगसाठी व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन 14446, पैसे पडत नाहीत. एएचं देशाचं कार्यालय मुंबईत भायखळ्याला आहे; तिथं जवळच्या ग्रुपची चौकशी करता येते. जागा आणि वार बदलतात, तेव्हा निघण्याआधी पुन्हा विचारा. ‘ओपन’ मिटिंग असेल तर तुम्हालाही बसता येईल. अनिता आणि अनिल अवचटांनी 1986 मध्ये पुण्यात सुरू केलेलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रही आहेच. तिथं पेशंटच्या बायकांसाठी ‘सहचरी’ नावाचा गट असतो. मद्यपींच्या घरच्यांसाठीची ‘अल-अ‍ॅनॉन’ तर बिलच्याच बायकोनं, लोइसनं, 1951 मध्ये एका मैत्रिणीबरोबर उभी केली. इतकी वर्षं नवऱ्यासाठी धावून तिचंही काही बिनसलं होतंच की!

फोन मात्र दादालाच लावू द्या. तुम्ही शेजारी बसा, पेन द्या. पहिल्या दिवशी तो दारापर्यंत जाऊन परत फिरला तर काही बोलू नका, फक्त पुढच्या मिटिंगचा वार कॅलेंडरवर लिहून ठेवा.

तुमचा,
धाकटा भाऊजी