विरजण आहे का थोडं?

२०२५च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या टॉवरमधल्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात. वाचून बरं वाटलं. चाळीचे गोडवे गाणारे बहुतेक जण चाळ सोडून गेलेले असतात, हे आधीच सांगते. पहाटे संडासाच्या रांगेत उभी राहिलेली बाई ते गाणार नाही. मी गिरगावात पंचवीस वर्षं उभी राहिले आहे.

पण एक खरं, तिथे माणसं जोडावी लागत नसत. नळ एक, गॅलरी एक, पुढे टीव्ही आला तोही मजल्यावर एकच. छायागीताला सगळा मजला त्या घरात! भांडणंही कडाक्याची होत. पण जिच्याशी सकाळी पाण्यावरून भांडलं, तिच्याकडेच रात्री विरजण मागायला जावं लागे. गरज होती म्हणून ओळख होती. आता दही दहा मिनिटांत दारात येतं. मग शेजारी कशाला हवा?

ठाण्याला आमच्या मजल्यावर चार घरं आहेत. हे गेल्यानंतर एका रात्री लक्षात आलं, आज दिवसभरात आपण कोणाशी बोललोच नाही. दूधवाला मुलगासुद्धा पिशवी दाराला अडकवून जातो. छत्तीस वर्षं वर्गात बोलून घसा बसलेली मी!

मग मी ठरवून विरजण संपवलं आणि समोरची बेल वाजवली. दार साखळीपुरतं उघडलं.

"काकू, काही झालंय का?"

म्हणजे बघा, काही झाल्याशिवाय कोणी बेल वाजवत नाही. चमचाभर दही हवंय म्हटल्यावर ती पोरगी अख्खा डबाच देऊ लागली. मी वाटीत चमचाभरच घेतलं. वाटी तिची होती ना! आणि वाटी रिकामी परत करायची नाही, हा नियम कोणा धोरणी बाईनेच केला असणार. त्यात हिशेब कधी मिटतच नाही. वाटीतून मुगाचा हलवा गेला, चार दिवसांनी तिच्या आईने पाठवलेली चटणी आली.

खालच्या मजल्यावर माझ्याच वयाचे एक गृहस्थ एकटे राहतात. "उगाच कोणाला त्रास कशाला" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आपल्या वयाच्या माणसांना देता येतं, मागता येत नाही. म्हणून मीच रोज दुपारी त्यांच्याकडे पेपर मागायला जाऊ लागले. माझ्याकडेही तोच पेपर येतो, पण ते कशाला सांगा.

गेल्या महिन्यात ताप होता, गेले नाही. दुपारी बेल वाजली. लिफ्ट बंद, तरी जिना चढून हे पेपर घेऊन दारात, धापा टाकत.

"बाई, बरं नाही का?"

आता त्यांची एक किल्ली माझ्याकडे असते, माझी त्यांच्याकडे. दोघांच्याही आणखी एकेक किल्ल्या समोरच्या पोरीकडे दिल्यात, कारण आम्ही दोघंही विसरभोळे.