भिंतीतला खिळा

ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने २०२२ साली रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’ या चित्राचा ७१७ अब्ज पिक्सेलचा फोटो वेबसाइटवर टाकला. ८,४३९ फोटो काढून एकमेकांना जोडले, तेव्हा हा एक फोटो झाला. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे माझा पहिला प्रश्न चित्राबद्दल नव्हताच. एवढी फाइल खेड्यातल्या नेटवर उघडणार कशी? तर पूर्ण फोटो कधी उतरतच नाही. त्याचे चौकोनी तुकडे करून ठेवलेले असतात आणि तुम्ही जिथे बघताय तेवढेच तुकडे येतात. मोबाइलवर नकाशा सरकवताना होतं, तसंच. मोबाइलचा हॉटस्पॉट पुरतो, फक्त मधेमधे थांबावं लागतं.

माझी ताई बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिसरीचा वर्ग, पटावर चोवीस मुलं, आणि लोकवर्गणीतून आलेला एक टीव्ही. मी जमेल तसा पुण्याहून शनिवारी सकाळच्या शाळेला जातो, लॅपटॉप टीव्हीला जोडतो आणि आम्ही मुलांना म्युझियम दाखवतो.

यातला सगळ्यांना माहीत असलेला प्रकार म्हणजे व्हर्च्युअल टूर. गुगल आर्ट्स अँड कल्चरवर बाण दाबत दालनं फिरायची. मुलांना तो रेसिंग गेम वाटतो. “पुढं, पुढं, डावीकडं!” असा गलका होतो आणि दहा मिनिटांत अख्खं म्युझियम संपतं. मग ‘आता तुम्ही काढा’ म्हणून व्हॅन गॉगचं रात्रीचं आकाश दिलं, की निळ्या खडूच्या गोलगोल रेघांचे चोवीस सारखे कागद हातात येतात. मला हा उपक्रम कधीच पटलेला नाही. त्यात मुलं काही बघतच नाहीत.

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी म्हणून आम्ही एकच चित्र घेतलं. व्हर्मिअरने साधारण १६६० साली काढलेलं, दूध ओतणाऱ्या बाईचं. पूर्ण तास तेवढंच. नेट अडखळत होतं, चित्र आधी धुरकट दिसायचं आणि मग एकेक तुकडा स्पष्ट व्हायचा. तोवर मुलं ओळखण्याची पैज लावत होती.

आधी पाव दिसला. त्यावरचे रंगाचे बारीक ठिपके बघून एकाने “तीळ!” म्हणून ठरवून टाकलं. मग भिंतीला टांगलेली टोपली. ती सगळ्यांनी लगेच ओळखली. मग मी रिकाम्या भिंतीवर झूम केलं. वर्गात कुजबुज झाली आणि मागून आवाज आला, “खिळा हाय तिथं!” खरंच आहे. त्यावर काहीच टांगलेलं नाही, पण त्याची सावलीसुद्धा रंगवली आहे. आजूबाजूला भोकंही आहेत, आधीचे खिळे उपटल्याची. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या दुसऱ्या देशातल्या भिंतीला आपल्या घरासारखी भोकं असावीत, याचा मुलांना फार आनंद झाला.

ताईने आणखी एक गोष्ट सांगितली. बाईच्या डोक्यामागे आधी जग टांगायची एक फळी होती. व्हर्मिअरने ती नंतर रंगाखाली झाकून टाकली. म्युझियमच्या संशोधकांनी चित्राचं स्कॅनिंग करून ती शोधली. “म्हंजी त्यानंबी खोडलं!” रबरावरून रोज बोलणी खाणाऱ्या एका मुलाने जाहीर केलं.

स्क्रीनचा एक खोटेपणा मात्र मला सलतो. तिथे सगळी चित्रं टीव्हीएवढीच दिसतात. म्हणून आम्ही मोजपट्टी काढली. दूधवालीचं चित्र ४५.५ बाय ४१ सेंटिमीटर. रद्दीच्या पेपरातून तेवढा तुकडा कापला, तर मुलं म्हणाली, “एवढंच?” मग पटांगणात खडूने ‘नाइट वॉच’ आखलं, ४५३.५ सेंटिमीटर रुंद आणि ३७९.५ सेंटिमीटर उंच. चोवीसच्या चोवीस मुलं त्यात मांडी घालून बसली. ताईही बसली.

पुढचं काम असं ठरलं: घरातली एक भिंत काढायची. माणसं नकोत, देव नकोत, फक्त भिंत आणि तिच्यावर जे जे आहे ते. कागद रद्दीच्या तुकड्याच्या मापाचा. सोमवारी घरून बघून या, मग काढा, असं सांगितलं. ताईने मला नंतर व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले. कॅलेंडर, मोबाइलच्या चार्जरची लोंबती वायर, फवारणीचा पंप, पावसाच्या ओलीचे डाग. एकाने खिळ्याची सावली दोन बाजूंना काढली होती, कारण घरात दोन बल्ब आहेत. हे कुठल्या वर्कशीटमध्ये सुचलं असतं?

एका मुलीचा कागद वेगळा होता. तिच्या घरचे दरवर्षी ऊसतोडीला जातात, अर्धं वर्ष कारखान्याच्या तळावर कोपीत. या वर्षी तिला आजीजवळ ठेवा, म्हणून ताई तिच्या आईच्या मागे लागली होती. दोनदा घरी जाऊन आली होती. आजीला दिसत नाही नीट, पोरीला कोण बघणार, हे आईचं म्हणणंही खोटं नव्हतं.

ती म्हणाली, “मॅडम, कोपीला भिंत नसती. खिळा कुठं ठोकायचा?”

ताईने तिला विचारलं, मग वस्तू कुठे अडकवता? तिने काढून दाखवलं. दोन बांबू, मधे ताणलेली दोरी, मागे ताडपत्रीच्या घड्या. दोरीवर परकर, टॉवेल, कोयता पुसायचं फडकं, आणि एका टोकाला दप्तर. दप्तराच्या भाराने दोरी त्या बाजूला खाली झुकलेली. ताडपत्रीवर प्रत्येक वस्तूची सावली. राखाडी खडू नव्हता, म्हणून तिने शिसपेन्सिल आडवी घासली होती.

मी तो फोटो ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून मोठा करून बघत होतो. जेवढा मोठा केला, तेवढं त्यात सापडत गेलं. दप्तराच्या बंदाला गाठ होती.

दिवाळीनंतर ताईने ती चित्रं व्हरांड्यात खळीने चिकटवली. तेवीस आहेत. ट्रक पहाटे निघाला, त्याच्या आदल्या दिवशी ती शाळेत येऊन आपलं चित्र मागून घेऊन गेली.