भंगारात निघालेलं बेसिन

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही नगरच्या मुकुंदनगरमधल्या घराचं न्हाणीघर आणि स्वयंपाकघर नवं करून घेतलं. मिस्त्रीने काढलेल्या सामानाचा ढीग अंगणात पडला: चिनी मातीचं पांढरं बेसिन, पितळी तोटी, जुन्या ओट्याचा कडप्पा, लोखंडी पाइपाचे तुकडे आणि विजेच्या मीटरची लाकडी पेटी. भंगारवाल्याने पितळेचा आणि लोखंडाचा भाव सांगितला, बेसिनला मात्र हातही लावला नाही. आम्ही ते फोडून टाकणार, तेवढ्यात ओसरीवरून अम्मी म्हणाल्या, "फोडो नक्को बेटा. वुजू के काम आता."

त्या बोलण्यामागची अडचण आम्हाला उशिरा कळली. गुडघ्यांमुळे अम्मींना खाली बसवत नाही आणि उंच बेसिनपर्यंत पाय उचलवत नाही. फजरला त्या सगळ्यांच्या आधी जाग्या होत. पण पायांवर पाणी ओतायला कुणीतरी उठेपर्यंत पलंगावर तशाच बसून राहत. कुणाची झोप मोडू नये म्हणून हाकसुद्धा मारत नसत. घर नवं करताना आम्ही फरशीचा रंग चार वेळा बदलला, पण हे काही आमच्या लक्षात आलं नाही.

मग आम्ही स्वतःच कामाला लागलो. अंगणाच्या कोपऱ्यात विटांचा कट्टा बांधून त्यावर कडप्पा बसवला. ही अम्मींची बैठक, दीड फूट उंच. समोर बेसिन असं बसवलं की त्याची कड जमिनीपासून फूटभरच वर राहील. बसल्या बसल्या पाय त्यावर धरता येतो. चिनी माती वजनाने फुटते आणि तुकडा सुरीसारखा कापतो, म्हणून बेसिनला चारही बाजूंनी विटा-सिमेंटचा आधार दिला. पितळी तोटी गळत होती; आतला वायसर बदलला, आट्यांवर टेफ्लॉनची टेप गुंडाळली, की झाली नव्यासारखी.

एक चूक मात्र केली. उठताना धरायला म्हणून न्हाणीतला जुना टॉवेलचा दांडा भिंतीत ठोकला. तिसऱ्याच दिवशी तो स्क्रूसकट निघून हातात आला. अम्मी कट्ट्यावर मागे बसल्या म्हणून वाचल्या, अल्हम्दुलिल्लाह. टॉवेल पेलणारा दांडा माणूस पेलत नाही, हे आम्हाला आधीच कळायला हवं होतं. मग लोखंडी पाइपाचा तुकडा वेल्डिंगवाल्याकडून वाकवून घेतला, भिंतीत खोल गाडला आणि आधी स्वतः लोंबकळून पाहिलं. जुनी वस्तू वापरावी, पण तिच्यावर कुणाचा जीव सोपवण्याआधी तिची परीक्षा घ्यावी. जुने स्विच आणि वायर तर आम्ही पुन्हा वापरलेच नाहीत.

बेसिनखाली पाइप जोडून पाणी लिंबाच्या आळ्यात सोडलं. वुजूच्या पाण्यात साबण नसतो, झाडाला ते चालतं. एकदा बादली ठेवून मोजलं, तर तोटी पूर्ण सोडून आमच्या एका वुजूला सहा लिटर पाणी लागत होतं. हदीसमध्ये येतं की पैगंबर (स.) एक मुद्द पाण्यात वुजू करत. मुद्द म्हणजे भरल्या ओंजळीएवढं माप, आजच्या हिशेबाने पाऊण लिटरच्या आसपास. आम्ही अजून दोन लिटरच्या खाली आलो नाही, पण तोटी आता बारीकच सोडतो. मुळा धरणाचं पाणी पिणाऱ्या आणि दुष्काळ पाहिलेल्या या जिल्ह्यात इसराफचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

राहिली मीटरपेटी. मुलांनी तिला सव्वा इंचाचं भोक पाडलं आणि मांजर पोचणार नाही अशा उंचीवर, सावलीत टांगली. अशी लाकडी घरटी घरोघरी पोचवण्याचं काम नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी केलं. 20 मार्चचा जागतिक चिमणी दिवसही त्यांच्याच पुढाकाराने 2010 पासून पाळला जातो. आणि आपल्या नगरच्या किल्ल्यात 1942 पासून कैदेत असलेल्या मौलाना आझादांनी 'गुबार-ए-खातिर'मध्ये खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांबद्दल लिहिलं आहे. आधी त्यांनी चिमण्यांना हुसकावलं, मग दाणे टाकून त्यांच्याशी मैत्री केली. आमच्या पेटीत दोन महिने कुणी फिरकलं नाही. आता सकाळी गवताच्या काड्या घेऊन एक जोडी येते.

हजरत आयेशा (रजि.) यांना विचारलं गेलं, पैगंबर (स.) घरात काय करत? त्यांनी सांगितलं की ते आपली पादत्राणं सांधत, कपडे शिवत. आपल्याकडे मात्र मोडलेली वस्तू दुरुस्त करणं गरिबीचं लक्षण मानलं जातं. भगिनींनो, घराची दुरुस्ती काढलीत तर ढीग भंगारात जाण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारा, तुम्हाला काय जड जातं? उत्तर कदाचित त्या ढिगातच सापडेल.

परवा फजरच्या आधी जाग आली. अंगणात तोटीची बारीक धार ऐकू येत होती. अम्मींनी कुणालाच उठवलं नव्हतं.