सोचिमिल्कोचीं निर्लोम कुत्रीं

ह्यांच्या नोकरीच्या निमित्तानें २०१८ ते २०२० अशीं दोन वर्षें आम्हांस मेक्सिको शहरीं काढावीं लागलीं. घरांत माणसें चार: आम्ही उभयतां, सासूबाई, आणि त्या वेळीं नऊ वर्षांची असलेली आमची मुलगी. तेथील पिरॅमिड, देवालयें व बाजार यांचीं वर्णनें वाचकांनीं पुष्कळ वाचलीं असतील. तेव्हां त्यांत भर घालीत नाहीं. सांगावयाचें आहे तें एका घराविषयीं व त्या घरांतील कुत्र्यांविषयीं.

आमच्या मुलीला जन्मापासून कुत्र्यांचें वेड आणि कुत्र्यांचेंच वावडें. पुण्यास शेजाऱ्यांचा पामेरियन मांडीवर घेतला कीं अर्ध्या तासांत डोळे लाल होत, नाक वाहूं लागे आणि रात्रीं छातींत घरघर सुरू होई. त्यांतून मेक्सिको शहर समुद्रसपाटीपासून सात हजार फुटांहून उंच. तेथें धडधाकट माणसालाही पहिले कांहीं दिवस जिना चढतां धाप लागते. डॉक्टरांनीं घरांत जनावर नको म्हणून निक्षून सांगितलें होतें. मुलगी मुकाट्यानें ऐकून घेई आणि वहीच्या मागच्या पानांवर कुत्रीं काढीत बसे.

२०१९ च्या उन्हाळ्यांत शहराच्या दक्षिणेकडील दोलोरेस ओल्मेदो संग्रहालय पाहण्यास आम्ही गेलों. प्रसिद्ध चित्रकार दिएगो रिवेरा यांच्या या आश्रयदात्रीनें आपली जुनी हवेली चित्रांसह लोकांस खुली केली ती १९९४ सालीं. आवारांत मोर फिरत होते. ते आपल्याकडचे पाहून सासूबाईंस माहेरचें माणूस भेटल्यासारखें झालें. पण मोरांच्या पलीकडे हिरवळीवर जीं कांहीं काळींभोर, गुळगुळीत, शिशाच्या रंगाचीं जनावरें निश्चल उभीं होतीं, तीं प्रथम आम्हांस पुतळेच वाटलीं. त्यांतला एक खरोखरच पुतळा होता. बाकीच्यांनीं कान हालविले! अंगावर केस म्हणून नाहीं. कपाळावर चार राठ केस, तेवढेच. हींच तीं शोलोइत्स्कुइंत्ली. नाहुआत्ल भाषेंत शोलोत्ल हें देवाचें नांव व इत्स्कुइंत्ली म्हणजे कुत्रा. लोक नुसतें शोलो म्हणतात.

रिवेरा व त्यांची पत्नी फ्रीदा कालो यांनींही अशीं कुत्रीं पाळलीं होतीं. फ्रीदाबाईंच्या १९४९ सालच्या एका चित्रांत त्यांचा लाडका शोलो अंगाची मुटकुळी करून झोपलेला आहे. रिवेरांचें नांव निघालें म्हणून एक विषयांतर करतों. वर्ध्याचे क्रांतिकारक डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे मेक्सिकोंत चापिंगोच्या शेतकी विद्यालयांत मक्यावर संशोधन करीत असत, व रिवेरांशीं त्यांचा स्नेह होता. शिक्षणखात्याच्या इमारतींतील एका भित्तिचित्रांत रिवेरांनीं खानखोजे यांस भाकरी वांटणाऱ्याच्या रूपांत रंगविलें आहे. २०२२ सालीं चापिंगो येथें त्यांचा पुतळाही बसला. परक्या मुलखांत भिंतीवर आपला माणूस पाहून आम्हांस काय वाटलें तें लिहून सांगतां येण्यासारखें नाहीं.

मुलीच्या मनांत मात्र दुसरेंच चक्र फिरूं लागलें होतें. केस नाहींत, तर केसांचा त्रास कसा होईल? तिचा हा प्रश्न आम्हांलाही बिनतोड वाटला. एका विक्रेत्याच्या पत्रकांत तर 'दमेकऱ्यांस निर्धोक' असें ठळक छापलेलें होतें. डॉक्टरांनीं खांदे उडविले. मात्र औषधाचा फवारा जवळ ठेवून एकदां पाहण्यास हरकत नाहीं, एवढी परवानगी दिली. ओळखीच्या एका बाईंनीं सोचिमिल्को येथील एका कुटुंबाचा पत्ता दिला. तीन पिढ्या तें घर शोलो पाळीत आलें आहे.

ऑक्टोबरचे शेवटले दिवस होते. तास्केन्या स्थानकावरून निघालेली लहानशी विजेची गाडी थेट सोचिमिल्कोस पोंचविते. येथल्या बागांस तरंगत्या बागा म्हणण्याची चाल आहे, पण त्या तरंगत नाहींत. सरोवराच्या उथळ पाण्यांत कूड घालून, आंत चिखल व पाणवनस्पति यांचे थरावर थर देऊन बनविलेलीं तीं लांबट बेटें आहेत. कडेनें वाळुंजाच्या जातीचीं सरळसोट झाडें लावून त्यांचे कांठ धरून ठेविले आहेत. स्पॅनिश लोक येण्यापूर्वींपासूनचें हें कसब. १९८७ सालीं यास जागतिक वारशाचा मान मिळाला. त्या दिवसांत वाफे झेंडूनें नुसते पेटल्यासारखे दिसत होते. नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवशीं हे लोक आपल्या मृतांचे दिवस पाळतात व घरोघरीं झेंडूच्या पाकळ्यांची वाट काढतात. हें फूल मूळचें याच देशचें. दसऱ्याला दाराशीं तोरण बांधतांना हें कोणाच्या ध्यानांत येतें!

घर आपल्याकडील वाड्यासारखेंच: मधें चौक, भोंवतीं खोल्या, आणि एकाच चुलीवर चौदा माणसांचें रांधणें. सत्तरी उलटलेल्या आजीबाई, त्यांचे दोन मुलगे, सुना, नातवंडें. आम्ही मांस खात नाहीं हें कळतांच थोरल्या सूनबाईंनीं भोपळ्याचीं फुलें परतून मक्याच्या पोळींत घालून दिलीं. सासूबाईंनीं तीं दोनदां मागून घेतलीं, हें नमूद करून ठेवितों. मुलगी चौकांत पाऊल टाकते न टाकते तोंच एक गाभण कुत्री सावकाश येऊन तिच्या पायाशीं बसली. हात लावतांच मुलगी ओरडली, "आई, हिला ताप आहे!"

ताप नव्हता. सूनबाई हंसून म्हणाल्या, "सगळे असेंच म्हणतात." कोणत्याही कुत्र्याच्या अंगाची ऊब १०१-१०२ अंशांच्या घरांतच असते, येथें मधें केसांचें पांघरूण नसल्यानें ती सरळ हाताला लागते, इतकेंच. या उबेसाठीं खेडोपाडीं सांधेदुखीवर व पोटदुखीवर शोलो उशाशीं घेऊन निजण्याची चाल होती. एके काळीं हीं कुत्रीं खाल्लींही जात. सासूबाईंस तें भाषांतर करून सांगूं नये, अशी खूण आम्हीं मुलीला केली.

पुढें स्पॅनिश अंमलांत हीं कुत्रीं शहरांतून नाहींशीं झालीं व डोंगराळ मुलखांतल्या वस्त्यांत कशींबशीं तग धरून राहिलीं. १९५४ सालीं एका मोहिमेंत कांहीं लोकांनीं दूरदूरचीं खेडीं धुंडून निवडक कुत्रीं आणलीं, व त्यांच्या संततीवरून १९५६ सालीं या जातीस रीतसर मान्यता मिळाली. तत्पूर्वीं हीं कुत्रीं म्हणजे गरिबाघरचीं जनावरें, यांत मिरविण्यासारखें कांहीं आहे हें कोणाच्या स्वप्नींही नव्हतें, असें आजीबाई म्हणाल्या.

कुत्र्यांची सारी उस्तवार थोरल्या सूनबाईंकडे. त्यांनीं एक जाडी वही आणून दाखविली. प्रत्येक वेताची नोंद त्यांत होती: किती पिलें, किती निर्लोम, किती केसाळ. होय, केसाळ! निर्लोम आईबापांच्या पोटींही केसाळ पिलें येतात, हें आम्हांस प्रथमच कळलें. त्याचें कारण असें. केस नाहींसे करणारें बीज प्रबळ आहे. आईबापांपैकीं एकाकडून आलें तरी पिलूं निर्लोम होतें. पण दोघांकडूनही आलें तर तें पिलूं जगत नाहीं, गर्भांतच जिरून जातें. म्हणून दोन्हीं निर्लोम घेतलीं तर चारांतला एक गर्भ जातो, दोन निर्लोम होतात व एक केसाळ. २००८ सालीं शास्त्रज्ञांनीं या बीजाचा पत्ता लाविला. पेरू देशच्या व चिनी म्हणविणाऱ्या निर्लोम कुत्र्यांतही तेंच निघालें. याच बीजामुळें त्यांचे कांहीं दांतही उगवत नाहींत. सूनबाई आतां निर्लोम कुत्रीस केसाळ कुत्रा दाखवितात. पिलें निम्मीं निम्मीं होतात खरीं, पण एकही पोटांत मरत नाहीं. "सासूबाईंच्या वेळीं केसाळ पिलें कोणी विचारीत नसे. मी आल्यावर तीं ठेवूं लागलें. घरांत यावरून वर्षभर बोलणीं झालीं," असें त्या खालच्या आवाजांत म्हणाल्या. आजीबाई पलीकडेच मक्याचें कणीस सोलीत बसल्या होत्या. त्यांनीं ऐकलें असावें, पण मान वर केली नाहीं.

आणि मग त्या बाईंनीं बाही वर सारून आम्हांस आपला हात दाखविला. कोपरापर्यंत जुन्या गांध्यांचे फिकट डाग होते. बाईंस स्वतःलाच कुत्र्यांचें वावडें होतें! लग्न होऊन या घरीं आल्या तेव्हां, केस नसलेलें कुत्रें काय करणार, अशाच समजुतींत होत्या. पहिला महिना बरा गेला. पुढें अंगावर पित्त उठूं लागलें, डोळे सुजले. माहेरीं गेलें कीं बरें, परत आलें कीं पुन्हां तेंच. नवी सून कामाला कंटाळते, असा बोभाटाही झाला. तीन वर्षांनीं रक्त तपासलें तेव्हां उलगडा झाला. वावडें केसांचें नसतेंच. तें कुत्र्याच्या लाळेंत व कातडीच्या अदृश्य कोंड्यांत असणाऱ्या प्रथिनांचें असतें, आणि तीं निर्लोम कुत्र्याजवळही असतात. अशीं प्रथिनें अनेक आहेत. त्यांतलें एक केवळ नराच्या शरीरांत तयार होतें. बाईंस नेमकें तेवढेंच बाधत होतें. तेव्हां घरानें सर्व नर बोळापलीकडील धाकट्या दिरांच्या आवारांत हालविले. बाई माद्या व पिलें पाहतात, दीर नर पाहतात. तेव्हांपासून पित्त उठलें नाहीं.

"पण तुमच्या मुलीचें काय, तें मला ठाऊक नाहीं," त्या म्हणाल्या. "पत्रकांवर जाऊं नका. दुपारभर येथें बसा, तिला कुत्रीशीं खेळूं द्या, रात्रीं काय होतें तें पहा. रक्ताची तपासणी करून या. त्याशिवाय मी पिलूं देणार नाहीं." विकणाऱ्याच्या तोंडून असें बोलणें आम्हीं कोणत्याही देशीं ऐकलें नव्हतें.

ती दुपार फार सुखाची गेली. सासूबाई मूळच्या सदाशिव पेठेंतल्या. कुत्र्याची सावली पडली तरी पदर आवरून घेणाऱ्या. पण थंडीनें त्यांचे गुडघे धरले होते, आणि एक म्हातारी शोलो कुत्री कोणाला न विचारतां त्यांच्या पायांवर येऊन पहुडली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, हिला उठवा." थोड्या वेळानें म्हणाल्या, "राहूं दे आतां, आंघोळ तर करावीच लागणार." पुढें तासभर त्या विषयावर कांहीं बोलल्या नाहींत.

दोघी म्हाताऱ्या मुलीच्या मध्यस्थीनें बोलत होत्या. सासूबाईंनीं धर्मराजाच्या कुत्र्याची कथा सांगितली, व यमाच्या दोन कुत्र्यांचीही. आजीबाईंस नवल वाटलें नाहीं; असें असणारच, अशा चर्येनें त्यांनीं आपल्याकडची सांगितली. मेलेल्या माणसास पाताळांत जातांना एक रुंद नदी लागते. पलीकडे कुत्रा उभा असतो; त्यानें धनी ओळखला तरच पाठीवर घेऊन उतरवितो. पण पांढरा कुत्रा म्हणतो, मी आतांच अंग धुतलें. काळा म्हणतो, मी आतांच डागाळलों आहें. नदी उतरवितो तो तांबडाच. (सोळाव्या शतकांत साहागून नांवाच्या पाद्र्यानें ही समजूत लिहून ठेवलेली आहे.) सासूबाई मोठ्यानें हंसल्या. "बघा! नुकती आंघोळ झाली म्हणे! सोवळें तेथेंही आहेच."

रात्रीं अकरा वाजतां मुलीच्या छातींत घरघर सुरू झाली. फवाऱ्यानें उतार पडला, पण पहांटेपर्यंत ती उशाला टेकून बसून होती. आम्हीं कांहीं विचारलें नाहीं. तीच म्हणाली, "बाबा, तपासणी मात्र करूं या. कदाचित् हिचेंही फक्त नरांचेंच असेल." आपल्याविषयीं बोलतांना ती 'हिचें' म्हणाली, दुसऱ्याच कोणा मुलीची गोष्ट असावी तसें.

पंधरा दिवसांनीं निकाल आला. नर-मादी दोहोंच्या लाळेंत असणारें मुख्य प्रथिनच तिला बाधत होतें. नेदरलंडच्या संशोधकांनीं २०१२ सालीं पूडलसारख्या 'निर्धोक' म्हणविणाऱ्या जातींच्या केसांत हें प्रथिन उलट अधिकच पाहिलें होतें व घरांतील हवेंत कांहीं फरक आढळला नव्हता, हेंही डॉक्टरांनीं तेव्हां सांगितलें. आधीं सांगते तर बरें झालें असतें, असें आमच्या मनांत आलें; पण आधीं आम्हीं ऐकलें असतें कीं नाहीं, हा प्रश्नच आहे.

जानेवारींत निरोप घेण्यास पुन्हां सोचिमिल्कोस गेलों. या खेपेस मुलगी दाराबाहेरच थांबली. गाभण कुत्री व्याली होती: तीन निर्लोम, तीन केसाळ. सूनबाईंनीं टोपली उंबऱ्यापर्यंत आणली व दूर धरूनच म्हणाल्या, "मिहा, एकाचें नांव तूं ठेव." मुलीनें तांबूस रंगाची केसाळ मादी निवडली व नांव ठेवलें 'झेंडू'. स्पॅनिश जिभेला 'झ' वळेना. सगळें घर तिला 'सेंदू' म्हणूं लागलें. मार्चच्या आरंभीं मुदत संपून आम्ही पुण्यास परतलों.

सेंदूला त्यांनीं विकलें नाहीं. दरवर्षीं मृतांच्या दिवसांच्या सुमारास सूनबाईंचें पत्र येतें व बरोबर छायाचित्र असतें. २०२३ च्या पत्रांत आजीबाई गेल्याचें कळविलें होतें. छायाचित्रांत झेंडूच्या राशींत त्यांची तसबीर होती, आणि खालीं सेंदू आपल्या पांच पिलांसह लोळत होती. मुलीनें तीं मोजून वहींत लिहून ठेविलीं: निर्लोम तीन, केसाळ दोन. सासूबाईंनीं चष्मा लावून तें छायाचित्र बराच वेळ डोळ्यांशीं धरलें आणि विचारलें, "यांतला तांबडा कोणता गं?"