खेतवाडीच्या सी.ए.ची चित्रं

लंडन, 17 जुलै 2016

प्रिय दादा,


टेट मॉडर्नला भूपेन खख्खरचं प्रदर्शन पाहून आले. ऐकून तुला गंमत वाटेल, गडी तुझ्याच धंद्यातला. खेतवाडीत वाढलेला, रीतसर सी.ए. झालेला. 1962 मध्ये बडोद्याला गेला तो चित्रांच्या ओढीने; पण पोटापाण्यासाठी कारखान्याची हिशेबाची नोकरी कैक वर्षं केली.

आपल्याकडे चित्रातला पुरुष म्हणजे कॅलेंडरवरचा पिळदार हनुमान. खख्खरचे पुरुष शिंपी, न्हावी, घड्याळजी. 1972च्या ‘जनता वॉच रिपेअरिंग’मधला माणूस आपल्या घड्याळांच्या गोतावळ्यात असा बसलाय, की गिऱ्हाईक नाही आलं तरी त्याचं काही अडत नसावं. ना मिशीला पीळ, ना छाती पुढे. खख्खर त्याची टिंगलही करत नाही आणि ‘गरीब बिचारा’ही म्हणत नाही. दिवसभर अशाच माणसांत वावरलेल्याला वरून बघायचं सुचणार तरी कसं?

‘यू कान्ट प्लीज ऑल’पुढे मात्र खिळून राहिले. 1981चं, जवळजवळ सहा फूट लांब आणि तेवढंच उंच. खाली गावात बाप, लेक आणि गाढवाची आपली तीच गोष्ट चाललीय. उजवीकडे गच्चीत एक केस पिकलेला माणूस पूर्ण नागवा उभा, आपल्याकडे पाठ करून. वयाने सैलावलेलं अंग, चोरून उभं राहणं नाही. आदल्याच वर्षी खख्खरची आई गेली होती. पुरुषांवरचं प्रेम त्याने चित्रांतून उघडपणे मांडलं ते त्यानंतर.

पुढच्याच वर्षीचं ‘टू मेन इन बनारस’. दोन नागवे पुरुष एकमेकांच्या मिठीत, त्यातल्या एकाचे केस पांढरे. बाजूला साधू, पूजापाठ, काशीचा नेहमीचा व्यवहार. आपल्याकडे या चित्राची चर्चा होते ती नागवेपणावरून. मला धक्का दिला त्या पांढऱ्या केसांनी. म्हाताऱ्या पुरुषाच्या वाट्याला आपण काय ठेवतो? मान, औषधाची डबी, सकाळचा पेपर. त्यालाही कुणी जवळ घ्यावं, ही इच्छा तो बोलला तर घरात हसू होतं. खख्खरने ती इच्छा गंभीरपणे घेतली, आणि मर्दानगीबद्दल एक अक्षर न बोलता तिची हवा काढली. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं 377 कलम आपल्या सुप्रीम कोर्टाने 2013 मध्ये परत जागेवर बसवलं, म्हणजे कायद्याच्या लेखी ही मिठी तेव्हा पुन्हा संशयित ठरली.

‘गार्डियन’च्या समीक्षकाने प्रदर्शन झोडपून काढलंय. त्याला ही चित्रं बेतास बात वाटली. हात कच्चा आहे, हे मलाही काही ठिकाणी दिसलं. हनुवट्या बघ, पाय बघ. पण सफाईदार हाताने ही माणसं उगाच देखणी झाली असती.

शेवटच्या वर्षांतली, कॅन्सरच्या दिवसांतली चित्रं मला सोसली नाहीत. फाटलेली, आतून बाहेर आलेली शरीरं. तिथून लवकर निघाले. 2003 मध्ये तो गेला.

कॅटलॉग घेतलाय, गणपतीत कुणी येणारं असेल त्याच्या हाती पाठवते. वहिनींपासून लपवून ठेवू नकोस. त्या तुझ्याआधी वाचून काढतील आणि तुझं मत विचारतील, तेव्हा तयारीत राहा. गुडघ्याचं काय झालं ते कळव.

तुझी,
धाकटी