साबुदाणा, बरणी आणि कापलेला अर्धा मार्क

साबुदाणा नीट भिजला की नाही हे आपण दोन बोटांत दाबून बघतो. आठवीच्या वर्गात म्हटलं, हेच दाबणं मोजून बघू या.

सामान घरचंच. सरळ कडांची पारदर्शक बरणी, भिजवून मोकळा केलेला साबुदाणा, वर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली पुठ्ठ्याची चकती, तिच्यावर लिटरची रिकामी बाटली. बरणीला बाहेरून पट्टी चिकटवली. बाटलीत दर वेळी 250 मिली पाणी ओतायचं, म्हणजे 250 ग्रॅम वजन वाढलं. चकती किती खाली गेली ते वाचायचं.

थर आधी 100 मिलिमीटर होता. मग 95, 92, 90. वजन तेवढंच वाढतंय, पण खचणं कमी होत जातंय. कारण सुरुवातीला दाणे सरकून मधल्या पोकळ्या भरतात. मग ते एकमेकांवर चपटे होतात, टेकण्याची जागा वाढते आणि दाबणं अवघड होतं. त्याच बरणीत मोहरी घेतली, तर चकती जेमतेम हलली.

एक मुलगी म्हणाली, "बाई, अजून खाली जातंय." मी म्हटलं, "पहिला आकडा लिही आणि पुढे चल." तिने 90 लिहिलं, दहा मिनिटांनी खोडून 87 केलं. वही तपासताना खाडाखोड म्हणून मी अर्धा मार्क कापला. बाकीच्या गटांचे आकडे अगदी सारखे, स्वच्छ. त्यांना पूर्ण मार्क!

घरी मी तोच प्रयोग लावून ठेवला. चकती खरंच हळूहळू उतरत राहिली. पाणी काढल्यावर थर थोडाच वर आला, पुन्हा 100 काही झाला नाही. म्हणजे बघत बसणारी ती एकटीच होती, आणि बाकीच्यांनी एकमेकांचं उतरवलं होतं.

मृद्‌यांत्रिकीचे जनक कार्ल टेर्झागी यांनीही इस्तंबूलच्या रॉबर्ट कॉलेजात साध्यासुध्या सामानावर मातीचे प्रयोग केले होते. 1925 साली त्यांचं पुस्तक आलं. ओली चिकणमाती भाराखाली एकदम नाही, वेळ घेत खचते, हा त्यांच्या कामाचा गाभा. इमारती खचतात त्याही अशाच, वर्षानुवर्षं.

दुसऱ्या दिवशी वर्गासमोर तो अर्धा मार्क परत दिला आणि चूक माझी होती हे सांगितलं. आता आमच्या निरीक्षण तक्त्यात एक रकाना वाढलाय : वेळ. तुम्ही प्रयोग केलात, तर तो रकाना आधीच आखून घ्या. आणि सगळ्या वह्यांत एकच आकडा दिसला, तर खूश होण्याआधी एकदा विचारा.